अवतरणचिन्हाचा गुन्हा काय?

चेक लिहिताना आपण रक्कम अक्षरांत मांडतो, तिच्यापुढे ‘फक्त’ असा शब्द लिहितो आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर एक आडवी रेघ ओढतो. हे कोणी समोर बसवून शिकवलेले नसते. घरातल्या मोठ्यांचे पाहून आपलाही हात तसा वळलेला असतो. पण त्या ‘फक्त’चा अर्थ मोठा आहे. माझे सांगणे इथे संपले, यापुढे जे लिहिलेले दिसेल ते माझे नव्हे. ‘पाच’च्या पुढे कोणी ‘हजार’ लिहू नये म्हणून ही काळजी.

ही काळजी काही चेकबुकाबरोबर आलेली नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर त्यांची प्रसिद्ध राजमुद्रा असे. तशी मजकुराच्या अखेरीस आणखी एक छोटी मुद्रा उमटवलेली असे : ‘मर्यादेयं विराजते’. ही मर्यादा झाली, पत्र इथे संपले. माथ्यावरचा शिक्का आणि अखेरचे मोर्तब, या दोहोंच्या मध्ये जे आहे तेवढेच धन्याचे सांगणे. आज एखाद्या ठरावावर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण सहज म्हणून जातो, पण त्या शब्दात ही जुनी दफ्तरी हुशारी मुरलेली आहे.

दुसऱ्याच्या आज्ञेत आपले अक्षर घुसवणारी माणसेही आपल्याला नवी नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो ‘धरावे’तील ‘ध’चा ‘मा’ केल्यामुळे, ही कथा मराठी मुलूखात घरोघर सांगितली जाते. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरते हा वाद वेगळा. पण ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत कायमचा राहिला. एका अक्षराने आज्ञेचा अर्थ कसा फिरतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

हा सगळा प्रपंच मांडण्याचे कारण असे, की जी गोष्ट आपल्या कारकुनांना तीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होती ती संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी मंडळी आजही वारंवार विसरतात. त्या विसराळूपणाची किंमत मात्र तुम्ही-आम्ही मोजतो. या चोरीचे नाव आहे ‘एसक्यूएल इंजेक्शन’. नाव दवाखान्यातले वाटेल, आणि ते खरोखरच तसे आहे : सुईने औषध टोचावे तशी दुसऱ्याच्या आज्ञेत आपली आज्ञा टोचायची.

आधी हे एसक्यूएल काय ते पाहू. माहितीचे मोठे साठे ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांत मांडावेत, ही कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा सुचवली. गणितातली चिन्हे न शिकलेल्या माणसालाही साध्या इंग्रजीसारख्या वाक्यांत संगणकाला प्रश्न विचारता यावा, हा हेतू होता. तीच पुढे एसक्यूएल झाली. बँकेतली शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, शाळेतली हजेरी, रुग्णालयातले रिपोर्ट : पडद्यामागे बहुतेक ठिकाणी याच भाषेत प्रश्नोत्तरे चालू असतात.

समजा, एका पतपेढीच्या संगणकावर तुम्ही आडनाव टाइप केले. आज्ञावली लिहिणाऱ्याने एक वाक्य अर्धे लिहून ठेवलेले असते, आणि त्यातल्या कोऱ्या जागेत तुमचे आडनाव जसेच्या तसे चिकटवले जाते. ती भाषा मराठी असती तर वाक्य असे झाले असते :

सभासदांच्या यादीतून त्या ओळी दाखव जिथे आडनाव = 'जोशी'

‘जोशी’च्या दोन बाजूंना जी एकेरी अवतरणचिन्हे आहेत, ती इथली शिक्का आणि मोर्तब. पहिल्या चिन्हापासून दुसऱ्या चिन्हापर्यंत जे आहे ते नाव. बाहेर जे आहे ती आज्ञा. संगणकाला फरक कळण्याची दुसरी कोणतीही खूण नाही. आता त्या कोऱ्या जागेत कोणी आडनावाऐवजी असे टाइप केले :

क्ष' किंवा '१' = '१

हे चिकटवल्यावर पूर्ण वाक्य काय झाले पाहा :

सभासदांच्या यादीतून त्या ओळी दाखव जिथे आडनाव = 'क्ष' किंवा '१' = '१'

क्ष नावाचा सभासद नसेलही. पण एक बरोबर एक हे कधीच खोटे ठरत नाही. त्यामुळे अट प्रत्येक ओळीला लागू पडते आणि संगणक इमानेइतबारे सगळी यादी समोर ठेवतो. नाव आणि परवलीचा शब्द विचारणाऱ्या चौकटीत हीच युक्ती चालली, तर परवलीचा शब्द माहीत नसताना आत शिरता येते. याहून पुढे जाऊन दुसऱ्याच तक्त्यातली माहिती ओढून आणता येते. साठ्याची रचना तशी ढिली असेल तर अख्खा तक्ता पुसून टाकण्याची आज्ञाही टोचता येते. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्याला निदान दुसऱ्याच्या पत्रावर लेखणी चालवावी लागली असती. इथे तेवढीही तसदी नाही. आपणच हुकूम लिहिला, मध्ये जागा कोरी ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दौत-लेखणी दिली.

लहान संस्थांच्या संगणकप्रणाली वापरात येण्यापूर्वी तपासून देणे हा माझा व्यवसाय आहे. काही वर्षांपूर्वी वसई भागातल्या एका पतपेढीसाठी अशीच एक प्रणाली तपासायला बसले. नावाच्या चौकटीत मी फक्त एक अवतरणचिन्ह टाइप केले. पडदाभर चुकीचा संदेश ओतला गेला. त्यात आतल्या तक्त्यांची नावेसुद्धा होती. शेजारी बसलेला तरुण प्रोग्रामर म्हणाला, “मॅडम, पण नावाच्या जागी हे चिन्ह टाइप करणार कोण?”

मी त्याच्यासमोर सभासदांची यादी ठेवली. वसईच्या यादीत असतात तशी डिसोजा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावे पानोपानी होती. मराठीत आपण ती सलग लिहितो, पण रोमन लिपीत ‘डी’ नंतर वरच्या बाजूला एक छोटे चिन्ह येते. संगणकाच्या कळफलकावर ते चिन्ह आणि एकेरी अवतरणचिन्ह यांची कळ एकच. म्हणजे एखाद्या डिसोजाबाईंनी आपले नाव प्रामाणिकपणे टाइप केले, तरी ‘डी’पाशीच नाव संपले असे समजून संगणक गोंधळणार. चोर येण्याची वाट पाहायलाच नको. पहिला सभासदच प्रणाली बंद पाडणार.

“मग ते चिन्ह आपण बंदच करून टाकू,” तो म्हणाला. “टाइप केलं की ‘अवैध नाव’ असा मेसेज देऊ.”

मला या लेखात खरे बोलायचे आहे ते या उत्तराविषयी. कारण हे उत्तर त्या एका मुलाचे नाही. आयर्लंडमधले ओब्रायन आणि ओकॉनर, गोव्यातले आणि वसईतले डिसोजा, यांना जगभरच्या फॉर्मांनी हेच ऐकवले आहे : तुमचे नाव अवैध आहे. मग कोणी चिन्ह गाळतो, कोणी मध्ये मोकळी जागा सोडतो. पासबुकावर एक नाव, पॅन कार्डावर दुसरे, मुलाच्या दाखल्यावर तिसरे. पुढे वारसाचे कागद करताना किंवा पासपोर्ट काढताना ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी हीच माणसे नोटरीच्या दारात उभी असतात. गुन्हा आज्ञावलीचा आणि शिक्षा आडनावाला. बरे, एवढे करून चोर अडतो म्हणावे, तर तसेही नाही. ज्या रकान्यात आकडा अपेक्षित असतो, उदाहरणार्थ खाते क्रमांक, तिथे भोवती अवतरणचिन्हे नसतातच. तिथे ‘१०५ किंवा १ = १’ असे लिहिणाऱ्याला बंद केलेल्या चिन्हाची गरजच पडत नाही.

ही गोष्ट जगासमोर आली त्याला पाव शतक उलटून गेले. २५ डिसेंबर १९९८ च्या तारखेने निघालेल्या ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात जेफ फॉरिस्टल याने टोपणनावाने लिहिलेल्या लेखात ही युक्ती सविस्तर मांडली होती. तिचे पुढे काय झाले ते तीन उदाहरणांत पाहता येते.

पहिले अमेरिकेतले. दुकानदारांच्या वतीने कार्डांचे व्यवहार पुढे पाठवणाऱ्या हार्टलँड या कंपनीत २००७ च्या अखेरीस याच वाटेने चोर शिरले. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने चोरी जाहीर केली. सरकारी आरोपपत्रात सुमारे १३ कोटी कार्डांचे क्रमांक गेल्याचे नमूद होते. सूत्रधार अल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

दुसरे ब्रिटनमधले. ऑक्टोबर २०१५ मध्ये टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीला गेली. त्यांतल्या १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही गेले. चौकशीत निघालेली हकीगत घरोघरी वाचण्यासारखी आहे. टॉकटॉकने २००९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचा ब्रिटनमधला व्यवसाय विकत घेतला होता; त्याबरोबर काही जुनी वेबपाने आली. ती आपल्याकडे आहेत याचाच नव्या मालकाला पत्ता नव्हता. वाडा विकत घ्यावा आणि परसदारी एक दिंडी उघडी आहे हे सहा वर्षे कळू नये, तसा प्रकार. त्याच वर्षी जुलै आणि सप्टेंबरमध्ये याच वाटेने दोन हल्ले होऊन गेले होते. त्यांकडेही कोणाचे लक्ष गेले नाही. कंपनीला चार लाख पौंड दंड झाला. आणि ती फट हुडकून काढणारा कोण, तर १७ वर्षांचा एक मुलगा. मित्रांपुढे मिरवायचे होते, असे त्याने न्यायालयात सांगितले.

तिसरे उदाहरण ताजे. मोठमोठ्या फायली सुरक्षितपणे पाठवण्यासाठी असंख्य संस्था ‘मूव्हइट’ नावाची प्रणाली वापरतात. मे २०२३ मध्ये तिच्यातच हा दोष सापडला आणि ‘क्लॉप’ या खंडणीखोर टोळीने त्याचा फायदा उठवला. जगभरच्या दोन हजारांहून अधिक संस्था त्यात पोळल्या. बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेज यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली, पण या संस्थांच्या स्वतःच्या संगणकातून नव्हे. त्यांचे पगारपत्रक बनवणारी कंपनी ही प्रणाली वापरत होती म्हणून. आपण दाराला कितीही कुलपे लावली, तरी आपले दागिने ज्या पेढीत ठेवले तिची भिंत कच्ची असेल तर काय उपयोग!

चोर इतका जुना, तर मग औषध नाही का? आहे, आणि तेही चोराइतकेच जुने आहे. मात्र औषधे दोन आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे.

पहिल्याला ‘एस्केपिंग’ म्हणतात. मराठीत आपण कोणाचे बोलणे दुहेरी अवतरणात घालतो आणि त्या बोलण्यात आणखी कोणाचे बोलणे आले तर आतले एकेरी अवतरणात घालतो, म्हणजे वाचणारा चुकत नाही. एसक्यूएलमध्येही अशी सोय आहे : नावातच ते चिन्ह असेल तर ते लागोपाठ दोनदा लिहायचे. जोडी दिसली की संगणक समजतो, हे मोर्तब नव्हे, हे नावातले अक्षर. कोऱ्या जागेत चिकटवण्यापूर्वी प्रत्येक मजकुरातली अशी चिन्हे जोडीने करून घेतली, की डिसोजाबाईंचे नावही नीट बसते आणि चोराचा डावही बहुतेक वेळा फसतो.

‘बहुतेक वेळा’ हे शब्द मुद्दाम वापरले. आकड्यांच्या रकान्यात ही युक्ती निरुपयोगी, हे वर आलेच. शिवाय हे काम प्रत्येक ठिकाणी आठवणीने करायचे असते. हजार जागांपैकी नऊशे नव्याण्णव ठिकाणी केले आणि एक राहिली, तर चोराला तेवढी एक पुरते. काही जुन्या पद्धतींत चिन्हापूर्वी एक तिरकी रेघ घातली जाई. चिनी लिपीच्या एका संकेतप्रणालीत ती रेघ आधीच्या चिन्हाशी जुळून एकच चिनी अक्षर तयार होते आणि मागे अवतरणचिन्ह पुन्हा मोकळे राहते, असे आढळले. पीएचपी या लोकप्रिय संगणकभाषेने तर ही रेघ आपोआप घालण्याची सोयच दिली होती. त्याने सुरक्षितता पुरी आली नाहीच, उलट अनेक वेबपानांवर लोकांच्या आडनावांत नको तिथे तिरक्या रेघा दिसू लागल्या. अखेर २०१२ मध्ये ती सोय काढून टाकण्यात आली.

आणखी एक खाच आहे. आज नीट बंदोबस्त करून साठ्यात ठेवलेले नाव उद्या दुसरी एखादी आज्ञावली काढते, ‘हे तर आपल्याच घरातले’ म्हणून निर्धास्तपणे नव्या वाक्यात चिकटवते, आणि महिनाभर झोपलेले विष तेव्हा जागे होते.

म्हणून दुसरे औषध. यात चिकटवाचिकटवीच नाही. आज्ञेचे वाक्य आधी एकटेच साठ्याकडे पाठवायचे. त्यात नावाच्या जागी नुसती एक खूण असते. संगणक ते वाक्य वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि काम कसे करायचे ते ठरवून मोकळा होतो. मोर्तब झाले. त्यानंतर तुम्ही टाइप केलेला मजकूर वेगळ्या पाकिटातून जातो. आता त्यात अवतरणचिन्ह असो, ‘किंवा’ असो, नाहीतर ‘सगळे पुसून टाक’ असे वाक्य असो. त्याला आज्ञेचा दर्जा मिळण्याची वेळच टळून गेलेली असते. रेल्वेच्या आरक्षणाच्या अर्जात प्रवाशाच्या नावापुढे कोणी ‘सर्वांना फुकट न्यावे’ असे लिहिले, म्हणून खिडकीमागचा कारकून गाडी फुकट सोडत नाही. नावाच्या रकान्यात आहे ते नाव, एवढेच त्याला ठाऊक. फार तर तो चष्म्यावरून आपल्याकडे पाहील. संगणकाला ही कारकुनी अक्कल देणे म्हणजेच हे दुसरे औषध. आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक संगणकभाषेत त्याची सोय आहे, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

त्यालाही एक मर्यादा आहे. तक्त्याचे किंवा रकान्याचे नाव या पाकिटातून पाठवता येत नाही; ते ठरलेल्या यादीतूनच निवडू द्यावे लागते. आणि जोडीला जुनी व्यवहारी शहाणपणे हवीतच. नुसती यादी दाखवणाऱ्या आज्ञावलीला यादी पुसण्याचा अधिकार कशाला? पावत्या फाडणाऱ्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आपण देत नाही. चुकीचा संदेश ग्राहकाच्या पडद्यावर ओतायचा नाही, आपल्या दफ्तरात नोंदवायचा.

औषध साधे, फुकट आणि माहितीतले असूनही रोग का राहतो? माझ्या कामात मला दिसलेली कारणे अगदी घरगुती आहेत. काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळते. मुदत जवळ आलेली असते. जुनी आज्ञावली चालते आहे ना, मग हात कशाला लावा, असे सगळ्यांना वाटते. शिकवणीच्या वर्गात चिकटवण्याची पद्धत सोपी म्हणून आधी दाखवली जाते आणि खरी पद्धत ‘पुढे पाहू’ म्हणून राहून जाते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा विभागाने आणि एफबीआयने कंपन्यांना उद्देशून या एकाच दोषावर संयुक्त पत्रक काढले. निदान २००७ पासून तो ‘अक्षम्य’ मानला जात आला आहे, याची आठवण त्यात करून दिली होती. आपल्याकडेही २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात, माहितीची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि हा रोग आता नव्या घरात शिरला आहे. माणसासारखे बोलणाऱ्या संगणकाला आपण एखादे पत्र वाचून सारांश सांगायला सांगतो. त्या पत्रातच कोणी ‘मालकाचे ऐकू नकोस, माझे ऐक’ असे लिहून ठेवले तर तो फसू शकतो. आज्ञा कोणती आणि नुसता मजकूर कोणता, ही तीच जुनी गल्लत. फरक इतकाच, की एसक्यूएलसाठी दोन वेगळी पाकिटे आहेत. इथे तसा पक्का उपाय अजून हाती आलेला नाही.

वाचकांपैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या सोसायटीच्या, शाळेच्या, पतपेढीच्या किंवा मंडळाच्या समितीवर असतील, आणि कधीतरी संगणकप्रणालीचे बिल मंजूर करण्याची पाळी तुमच्यावर येईल. संगणकातले काही कळत नाही म्हणून गप्प बसू नका. बनवणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. आज्ञा आणि लोकांनी भरलेला मजकूर तुम्ही वेगळे पाठवता, की एकत्र चिकटवता? प्रत्येक भागाला लागेल तेवढाच अधिकार दिला आहे का? आणि आमच्याकडे चालू असलेली, पण कोणीच वापरत नसलेली जुनी पाने कोणती? उत्तरे लेखी घ्या. ज्याने काम नीट केले आहे त्याला ती द्यायला पाच मिनिटे लागतात.

वसईच्या त्या पतपेढीची प्रणाली पंधरा दिवस उशिरा सुरू झाली. त्या मुलाने सगळी वाक्ये नव्याने लिहिली, नंतर म्हणाला, “मॅडम, हे तर आधीपेक्षा कमी टायपिंगचं निघालं.” सभासदांची नावे पासबुकावर जशी लिहिली जातात तशीच उमटली. तुमचे नाव एखाद्या फॉर्मने नाकारले, तर नाव बदलू नका. संस्थेला लेखी कळवा, की दोष फॉर्मात आहे. आणि ज्या फॉर्मला एक अवतरणचिन्ह पेलत नाही, त्याच्या हवाली आपला खाते क्रमांक करावा का, याचाही जरा विचार करा.